पापळचे घर आणि ऑक्सफर्डचा प्रबंध

थोरांच्या जन्मस्थळांविषयी आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. जयंतीला हार घालावा, भाषणे करावीत आणि वर्षभर ते गाव विसरावे. नांदुऱ्यातील साहित्याच्या विद्यार्थ्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे पापळ असेच ऐकून माहीत असते. वस्तुतः दोन्ही गावे वऱ्हाडातलीच. रेल्वेने बडनेऱ्याला उतरावे आणि तेथून नांदगाव खंडेश्वर तालुक्यात जावे, एवढाच प्रवास. आपल्यापासून दूर राहिला आहे तो पंजाबरावांमधला वाङ्मयाचा अभ्यासक.

27 डिसेंबर 1898 रोजी पापळच्या शेतकरी घरात जन्मलेल्या पंजाबरावांनी ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर संशोधन केले. त्यांचा ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध झाला. 1930 साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली, 1952 ते 1962 या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते; हे सारे आपल्याला पाठ असते. ग्रंथाचे मात्र नावही वर्गात क्वचितच निघते.

हे दुर्लक्ष साधे नाही. धर्म काळाबरोबर घडत आणि बदलत आला, हे ज्याने मूळ वाङ्मयात तपासले, त्याला रूढी सनातन कशी वाटावी? अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी 1927 साली झालेल्या लढ्याला त्यांनी दिलेला पाठिंबा, जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून 1928 साली सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे, 1932 चे देवस्थान संपत्ती विधेयक, हे सारे त्या अभ्यासाशेजारी ठेवून वाचले पाहिजे. त्यांची प्रेरणा ग्रंथातली नव्हे, सत्यशोधक चळवळीतली, असा आक्षेप कोणी घेईल. तो निम्माच खरा आहे. चळवळीने प्रश्न दिला असेल; पण परंपरेचा हवाला देणाऱ्यांना परंपरेच्याच आधारे उत्तर देण्याचे बळ व्यासंगातून येते.

बहुजनांच्या पुढाऱ्याने संस्था काढाव्यात आणि विद्वत्ता इतरांनी करावी, अशी वाटणी आपण नकळत मान्य केली आहे. ती मोडायची तर पापळला त्यांच्या स्मृतीबरोबर त्यांचा ग्रंथही वाचला गेला पाहिजे. मराठी आणि संस्कृतच्या अध्यापकांनी दर 27 डिसेंबरला त्यातील एक प्रकरण विद्यार्थ्यांसमवेत तेथे बसून वाचावे, त्यावर वाद घालावा, न पटले तर खोडून काढावे. अभ्यासकाचा मान राखण्याची हीच रीत आहे.