फोटोतल्या शिपायाचं नाव काय?

अमेरिकन सैनिकांचे जुने फोटो मोबाईलवर सारखे समोर येतात. यादवी युद्धातला पोरगेला शिपाई, नॉर्मंडीच्या पाण्यात उतरणारी तुकडी, व्हिएतनामच्या चिखलात बसलेली पोरं. आता तर रंग भरून. तुम्ही सेव्ह करता, स्टेटसला लावता. लावा की! पण फोटोत कोण आहे, हेही कधी विचारा. तिकडे लोक विचारतात.

इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जो रोझेन्थालनं काढलेला. चेहरे धड दिसतही नाहीत. तरी हौशी अभ्यासकांनी त्या दिवसाचे बाकीचे फोटो शेजारी ठेवून कुणाच्या हेल्मेटचा पट्टा कसा लोंबतोय, कमरेला काय अडकवलंय, हे ताडून पाहिलं. शेवटी मरीन कोअरला २०१६ मध्ये एक आणि २०१९ मध्ये आणखी एक नाव बदलावं लागलं.

आता आपल्याकडे या. पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं परदेशी गेली. १९१५ मध्ये फ्रान्समध्ये चार्ल्स गर्डवुडनं भारतीय जवानांचे भरपूर फोटो काढले. (काही चक्क पोझ द्यायला लावून. हे सगळीकडेच चालायचं. गेटिसबर्गला १८६३ मध्ये अलेक्झांडर गार्डनरनं तर एका सैनिकाचं प्रेत हलवून हवी तशी चौकट जमवली होती.) त्यातल्या कितीतरी फोटोंखाली पलटण लिहिलीय, माणूस नाही. त्याच फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर साडेचार हजारांहून जास्त भारतीयांची नावं कोरलेली आहेत. चेहरे एकीकडे, नावं दुसरीकडे. आणि मराठा पलटणी लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, दगडावर नावंसुद्धा नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीगणिक आकडा टाकला. या भेदभावाची माफी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं मागितली ती २०२१ मध्ये.

हे लांबचं वाटतं? मग आपल्या जिल्ह्यातलं असई घ्या. केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. तेव्हा कॅमेरा नव्हताच, तो आला १८३९ मध्ये. पण जिंकणारा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, इतका जगला की १८४४ मध्ये पंचाहत्तरीला त्याचा फोटो निघाला. तो आजही बघता येतो. तोफा सोडून न हटलेले शिंद्यांचे गोलंदाज? त्यांच्या शौर्याची तारीफ इंग्रजांनीच लिहून ठेवली, पण त्यांची ना चित्रं, ना नावं.

त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही. पण ६५ किंवा ७१ च्या लढाईतले माजी सैनिक, नाहीतर त्यांच्या घरची माणसं, आपल्या गावांत अजून आहेत. फौजी आजोबांचा गणवेशातला ग्रुप फोटो कुठल्यातरी लोखंडी पेटीत आहे. त्यातल्या बाजूच्या तिघांची नावं फक्त त्या आजोबांना माहीत आहेत, किंवा आजीला. बाप सांगेल या भरवशावर राहू नका, त्यालाही ठाऊक नसतं.

दिवाळीच्या सुट्टीत पेटी उघडायला लावा. फोटो कुठला, कोणत्या साली, कोणती पलटण, डावीकडून कोण कोण, सगळं विचारा. आठवणीच्या भरात आजोबा भलतीकडे जातील. जाऊ द्या, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. पाठपोट दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या. मग मागे नावं लिहा. जिथं खात्री नसेल तिथं ‘बहुतेक’ असं स्पष्ट लिहायचं. आणि लिहायला मऊ पेन्सिल घ्या, हलक्या हातानं. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढून चेहऱ्यावर वळ उठतात.