बिबट्याच्या नजरेतून

ऑगस्ट २०२२ आठवतो का? बेळगावात बिबट्या शिरला होता. जाधवनगरात बांधकामावरच्या एका कामगाराला त्याने जखमी केलं, मग तो रेसकोर्सजवळच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसला. शहरातल्या २२ शाळांना सुट्टी मिळाली. सापळे लागले, ड्रोन फिरले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलहून दोन हत्ती आले. गणपती तोंडावर आले तरी बिबट्या काही हाती लागेना. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा घरात अडकून पडले होते.

त्या दिवसांत आपल्या मोबाइलवर बिबट्याचे बरेच व्हिडिओ फिरले. पण ते सगळे आपल्या बाजूने काढलेले. तो दिवसभर कुठे दडतो, माणूस दिसल्यावर काय करतो, हे त्यातून कळत नव्हतं. ते कळायला यंत्र प्राण्याच्याच अंगावर हवं.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत युलिउस नॉयब्रोनर नावाचे एक औषधविक्रेते होते. ते कबुतरांकरवी औषधं पाठवत. त्यांचं एक कबूतर धुक्यात हरवलं आणि चार आठवड्यांनी चांगलं गुबगुबीत होऊन परतलं. एवढे दिवस हे होतं कुठे? या कुतूहलातून त्यांनी कबुतराच्या छातीवर बांधायचा छोटासा कॅमेरा बनवला आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे १९८६ साली ग्रेग मार्शल या अमेरिकन शास्त्रज्ञाला समुद्रात शार्कला चिकटलेला एक मासा दिसला. त्या माशासारखा कॅमेराच चिकटवला तर? त्यातून ‘क्रिटरकॅम’ जन्माला आला. अमेरिकेत जॉर्जियामध्ये ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात असे कॅमेरे बांधले, तेव्हा त्यातली ४४ टक्के मांजरं शिकार करतात असं दिसलं. गंमत म्हणजे बहुतेक शिकार ती घरी आणतच नव्हती, त्यामुळे मालकांना पत्ताच नव्हता!

बिबट्याचं काम जास्त अवघड. व्हिडिओला बॅटरी फार लागते आणि रानातल्या बिबट्याला पुन्हा पकडून ती बदलणार कोण? म्हणून आपल्याकडे त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधतात. तो फोटो काढत नाही, फक्त ‘मी आता इथे आहे’ एवढं कळवत राहतो. पण तेवढ्यानेही बरंच कळतं.

२००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखातं आणि विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं आणि नाव ठेवलं ‘आजोबा’. हे आजोबा साधारण २५ दिवसांत १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचले. वाटेत महामार्ग, रेल्वे, वस्त्या, वसईची खाडी सगळं ओलांडलं आणि माणसाला इजा केल्याचं कुठे आढळलं नाही. २०११ मध्ये मात्र महामार्गावर गाडीच्या धडकेने ते गेले. उर्मिला मातोंडकरांचा ‘आजोबा’ हा २०१४ चा सिनेमा याच गोष्टीवर आहे. आईबाबांबरोबर जरूर पाहा.

पट्ट्यांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. गावाजवळ राहणारा बिबट्या दिवसा उसात किंवा झाडीत गुपचूप पडून राहतो आणि माणसं झोपली की घरांच्या आसपास फिरतो. निपाणीकडचा ऊस डोळ्यांसमोर आणा. बारा महिने दाट आडोसा. वस्तीतली भटकी कुत्री आणि डुकरं म्हणजे त्याला वाढलेलं ताट. शिवाय एका ठिकाणी पकडून दूर सोडलं तरी तो तिथेच राहील याची खात्री नाही. आजोबांनीच ते चालून दाखवलं.

म्हणून मला वाटतं, पुढच्या वेळी ‘पकडा आणि घालवा’ या ओरड्याआधी काही साधी कामं आपण करू शकतो. कचरा उघड्यावर टाकायचा नाही, म्हणजे कुत्री जमणार नाहीत. अंधारात लहान मुलांना एकटं सोडायचं नाही. आणि बिबट्या दिसलाच तर मोबाइल घेऊन घोळका करायचा नाही, कारण चोहोबाजूंनी कोंडलेला बिबट्याच बहुधा अंगावर येतो. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची आणि वनखात्याला कळवायचं.