ऑक्टापॅड महाग केला, तर ढोलकीवाल्याला काय मिळेल?

20 मार्चला महाडला चवदार तळ्यावर जमलो की भीमगीते असतातच. पूर्वी स्टेजवर ढोलकी, पेटी, तुणतुणे असायचे. आता ऑक्टापॅड आणि कीबोर्ड असतात. ऑक्टापॅड जपानच्या रोलँड कंपनीचा. त्यामुळे 'विदेशी वाद्यांवर शुल्क वाढवा, देशी कारागीर वाचवा' अशी मागणी ऐकली की आपणही चटकन मान डोलावतो. आम्ही म्हणतो, जरा थांबा.

शुल्क वाढवून काय होते ते खेळण्यांत दिसले. 2020 मध्ये त्यांच्यावरचे आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झाले, 2023 मध्ये 70. उरणच्या न्हावा शेवा बंदरावर उतरणारी बाहुली महागली की गिऱ्हाईक इथली बाहुली घेते. ऑक्टापॅडचे तसे नाही. त्यात ढोलकी, ताशा, ड्रम सगळेच आवाज एका बटणावर मिळतात. तो महागला म्हणून कोणी दोन ढोलक्या घेणार नाही. फक्त पार्टीत वाजवून घर चालवणाऱ्या आपल्याच पोराचा हप्ता वाढेल.

शिवाय देशी कशाला म्हणायचे? आपल्या किनाऱ्यावर हळदीत वाजणारा बेंजो 1912 च्या सुमारास जपानमध्ये बनलेल्या ताइशोगोतोच्या कुळातला. पेटी युरोपातून आली. ती आपल्या संगीताला परकी ठरवून ऑल इंडिया रेडिओने 1940 ते 1971 बंद ठेवली होती. त्याच काळात आपल्या गायकांनी पेटीवर वस्त्या जागवल्या. शुद्धतेचा हा हिशोब कोण मांडते, हे आपल्याला सांगायला नको.

खरी अडचण पुढे आहे. ढोलकीची पुडी कातड्याची, आणि कातड्याचे काम कोणाच्या माथी मारले होते? महाडच्या 1927 च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले. मेलेली गुरे ओढणे आपण नाकारले, त्यासाठी गावोगाव बहिष्कार सोसला. आज 'पारंपरिक कारागीर वाचवा' म्हणताना कोणाच्या तरी मुलाने बापाचेच काम करावे, असे तर आपण सुचवत नाही ना? 2023 मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, तेही कुटुंबात चालत आलेले. तमिळनाडूने याच मुद्द्यावर ती नाकारली. आणि गंमत म्हणजे त्या 18 मध्ये वाद्ये बनवणारा नाहीच!

म्हणून मागणी करायची तर वेगळी करू. वाद्ये बनवणे आणि दुरुस्त करणे आयटीआयमध्ये शिकवा, कुठल्याही घरच्या मुलामुलीला. कर्ज कौशल्य बघून द्या, घराणे बघून नको. आणि जयंती मंडळांनी आपला खर्च तपासावा. डीजेला हजारो रुपये रोख मोजणारे आपण पुडी चढवून देणाऱ्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. 14 एप्रिलच्या बजेटमध्ये त्याच्या मजुरीचा रकाना कुठे आहे?