वाहिन्यांचे दिवस संपले?

बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही आता मोबाईलवर हव्या त्या वेळी मराठी मालिका पाहता येते. मग वाहिन्या बंद पडणार का? तसे दिसत नाही. २०१८ साली आलेल्या झी-५ वर झी मराठीच्याच मालिका असतात. विहीर तीच, रहाट नवा! प्रसार भारतीनेही २०२४ साली 'वेव्हज' सुरू केले, पण दूरदर्शन चालूच आहे. शिवाय स्ट्रीमिंगला इंटरनेट लागते. दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक शुल्कही नाही. खरी काळजी वेगळीच आहे. घरात चार माणसे आणि चार मोबाईल झाले, तर रिमोटवरून भांडणे होणार नाहीत. पण आजीशेजारी बसून मालिका पाहायलाही कोणी उरणार नाही.