नोंदींच्या प्रती सरकारबाहेरही हव्यात

मार्च 2021 मध्ये देशभर बँकांचे ओटीपी अचानक अडकले. व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांनी आपली ओळख आणि संदेशांचे नमुने दूरसंचार कंपन्यांच्या ब्लॉकचेनवर नोंदवावेत, असा नियम दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2018 मध्येच केला होता. 8 मार्चला तपासणी सुरू झाली आणि नमुने न नोंदवलेल्यांचे संदेश गाळले गेले. शेवटी ती सात दिवस स्थगित करावी लागली.

यंत्रणा चुकली नव्हती. नोंदीच अपुऱ्या होत्या.

ब्लॉकचेनमध्ये नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा डिजिटल ठसा असतो. जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर पुढचे ठसे जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते. पण मुळात खोटी नोंद केली, तर तीच कायम होऊन बसते. शिवाय सगळ्या प्रती एकाच्याच ताब्यात असतील, तर त्याला पूर्ण साखळी नव्याने लिहिता येते.

केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये ब्लॉकचेनचे राष्ट्रीय धोरण आणले आणि सप्टेंबर 2024 मध्ये ‘विश्वस्य’ हा सामायिक पाया उभा केला. सी-डॅक, आयआयटी हैदराबाद अशा संस्थांचे संशोधन त्यात आहे. यामुळे प्रत्येक खात्याला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही, हे स्वागतार्हच. मात्र भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद ही ‘विश्वस्य’ची तिन्ही केंद्रे ‘एनआयसी’चीच, म्हणजे सरकारचीच आहेत.

गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये वेगळी वाट निवडली गेली. तिथल्या 65 हजार जात प्रमाणपत्रांसाठी ‘पॉलिगॉन’ या सार्वजनिक, म्हणजे प्रती सरकारबाहेरही असलेल्या ब्लॉकचेनचा प्रकल्प हाती घेण्यात आला. अशा व्यवस्थेत प्रमाणपत्र खरे की बनावट, हे महाविद्यालयाला कचेरीत न विचारताही पडताळता येते.

सातबारा ब्लॉकचेनवर नेण्याचा मोह साहजिक आहे. पण फेरफारात बहिणीचे नाव वगळलेले असेल, तर तो अन्यायच पक्का होईल. म्हणून आधी गावात चावडीवाचन व्हावे, हरकती ऐकाव्यात, वारसनोंदी दुरुस्त व्हाव्यात आणि मगच उतारा साखळीत जावा. तिच्या प्रती विद्यापीठे, बँका आणि उच्च न्यायालयाकडेही असाव्यात. बाहेर प्रती ठेवण्याची ही अट ‘विश्वस्य’ वापरणाऱ्या प्रत्येक खात्याला केंद्राने नियमानेच घालावी.