अंडी कमी, दोष कोंबडीचा?

बाह्यरुग्ण विभागात बाळाचे वजन करून झाले की मी आईला एक प्रश्न हमखास विचारतो, घरी कोंबड्या आहेत का? खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बऱ्याच घरी त्या असतात. मग माझा सल्ला ठरलेला : बाळाला रोज एक अंडे द्या.

काही महिन्यांपूर्वी एका आईने मला मध्येच थांबवले. "डॉक्टर, सहा कोंबड्या आहेत, पण अंडी कुठं देतात? पंधरा दिवसांत एक नाही. सासूबाई म्हणतात, कोंबड्याच नाठाळ आहेत, विकून टाकू." मांडीवरची मुलगी दीड वर्षाची, वजन साडेसात किलो. नोव्हेंबर संपत आला होता.

इतकी वर्षे मी हा सल्ला देत आलो, पण एक गावरान कोंबडी वर्षाला किती अंडी देते, हे मला स्वतःला ठाऊक नव्हते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करणाऱ्या एका मित्राला गाठले. त्याने आधी माझे गणित तपासले आणि ते पहिल्याच पायरीला चुकले होते.

व्यावसायिक शेडमधली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते. आपल्या डोक्यात बसलेला 'कोंबडी म्हणजे रोज एक अंडे' हा हिशेब तिथून आला आहे. परसातल्या गावरान कोंबडीची रीत वेगळी. ती बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पिल्ले बाहेर आली की दोन-तीन महिने त्यांना घेऊन हिंडते, घारीपासून राखते. या काळात ती अंडी देत नाही. म्हणजे एक फेरी चार महिन्यांची, वर्षात फेऱ्या तीन, अंडी साधारण चाळीस-पंचेचाळीस. खुडूक बसू दिले नाही, पोटभर खाऊ घातले तर साठ-सत्तर. त्यातली काही पुन्हा उबवणीला ठेवायची. घरात खायला उरतात किती?

डॉक्टरच्या भाषेत सांगायचे तर हा आजार नाही, ही त्या पक्ष्याची 'नॉर्मल रेंज' आहे. मोजपट्टी आपण चुकीची लावली.

खुडूक होण्यामागे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक असते. बाळंतिणीला दूध आणणारे संप्रेरक तेच. बाईमध्ये ते पुढचे बीज काही काळ रोखून धरते, कोंबडीतही तसेच. शेडमधल्या जातींतून निवडपद्धतीने ही खुडूक होण्याची सवय जवळजवळ काढून टाकली आहे. तिची पिल्ले यंत्रात निघतात. गावरान कोंबडी मात्र आईपणाचे सगळे काम स्वतः करते आणि आपण तिला आळशी म्हणतो.

मग येतो उजेड. कोंबडीच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना कळतो आणि त्यावरून बीजकोषाला संदेश जातात. भरपूर अंड्यांसाठी दिवस चौदा ते सोळा तासांचा लागतो. शेडमध्ये दिवे लावून तो पुरवतात. महाराष्ट्रात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांचा. दिवस आखडू लागला की अंडी घटतात, जुनी पिसे झडून नवी येतात. पिसे प्रथिनांचीच बनलेली, त्यामुळे खाल्लेले सारे तिकडे वळते. नोव्हेंबरातली त्या आईची तक्रार म्हणूनच मला आता वेगळी दिसते.

तिसरी गोष्ट, पोटात काय जाते? एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. प्रौढ बाईची दिवसाची गरज एक ग्रॅम. म्हणजे जेमतेम दीड किलोची कोंबडी एका अंड्यामागे आपल्या दुप्पट कॅल्शियम देऊन बसते. खाण्यातून मिळाले नाही तर ते स्वतःच्या हाडांतून काढते, मग कवच पातळ होते, शेवटी अंडेच थांबते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या हाडांची कथा मी रोज पाहतो. ती फार निराळी नाही.

उकिरड्यावरचे किडे, वाळवी, खळ्यावर सांडलेले दाणे यांवर कोंबडी जगते हे खरे. पण उन्हाळ्यात किडे आटतात, खळी रिकामी होतात. मूठभर तांदळाची कणी टाकली तर तिची भूक भागते, अंड्याला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणी असते, म्हणून उन्हाळ्यात दिवसभर पाणी मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशीच फरक दिसतो. त्यात वय, जंत, पिसवा, गोचिडी. शिवाय सगळ्यात साधे कारण : अंडे घातलेले असते, पण कुडाच्या आड, आणि ते मुंगूस किंवा कावळा नेतो.

आजाराचा संशय कधी घ्यायचा? अंडी हळूहळू कमी झाली तर ऋतू, वय, खाणे पाहावे. एकाएकी बंद झाली, सोबत कोंबड्या मलूल होऊ लागल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवट हगवण लागली, तर राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी. त्यावर औषध नाही, लस आहे. एकदम मरतूक सुरू झाली तर मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने न शिवता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात आढळली होती, हे विसरू नये.

आणि एक हात जोडून विनंती. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकू नका. कमी उजेडावर आणि उपासमारीवर टेट्रासायक्लिन चालत नाही. त्याचा अंश अंड्यात उतरतो, ते अंडे मूल खाते, आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. ते शेवटी आमच्याच वॉर्डात येतात.

आता माझा मूळ मुद्दा. राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंड्यांची शिफारस केली आहे. २०२३-२४ मध्ये देशात माणशी उपलब्धता १०३ होती. सहा गावरान कोंबड्या, प्रत्येकी पन्नास अंडी धरली तर तीनशे. उबवणीला, विक्रीला, मुंगसाला जाऊन निम्मी उरली तरी घरात पाच माणसे. माणशी तीस. परसातल्या कोंबडीच्या भरवशावर कुपोषण हटवू पाहणे म्हणजे त्या कोंबडीवर आणि त्या आईवर न पेलणारे ओझे टाकणे.

वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती जास्त अंडी देतात, यात शंका नाही. पण पक्षी वाटून फोटो काढला की काम संपत नाही. जास्त अंड्यांना जास्त खाद्य लागते, वेळेवर लस लागते. ते न देता वर्षअखेरीस 'लाभार्थ्यांनी नीट सांभाळले नाही' असा शेरा मारणे मला मान्य नाही. आम्ही डॉक्टरही 'आई काळजी घेत नाही' असे केसपेपरवर सहज लिहून जातो. दोन्ही शेऱ्यांत चूक एकच आहे : कारण न शोधता दोष दिला जातो. म्हणून अंगणवाडीत मिळणारे अंडे 'घरी कोंबड्या आहेतच की' म्हणून कुणी कमी लेखू नये. घरचे अंडे हे त्याला पूरक आहे, पर्याय नाही.

त्या आईला मी औषध लिहून दिले नाही. मित्राने सांगितलेल्या चार गोष्टी सांगितल्या. सावलीत पाण्याचे भांडे कायम भरलेले ठेवा. अंड्यांची टरफले भाजून, कुटून खाद्यात मिसळा. खुराड्यात आडोशाला पेंढ्याची टोपली ठेवा. आणि लसीकरणाचा दिवस चुकवू नका. पाचवी गोष्ट माझी होती : जे अंडे मिळेल ते पूर्ण उकडून आधी मुलीला, मग बाकीच्यांना. अंगणवाडीतला तिचा आहार वेगळा, तो सुरूच ठेवायचा.

फेब्रुवारीत ती पुन्हा आली. दोन कोंबड्या अंड्यावर आल्या होत्या, एक खुडूक बसली होती. आठवड्याला सात-आठ अंडी मिळत होती. मुलीचे वजन आठ किलो चारशे ग्रॅम. कोंबड्या विकल्या नव्हत्या. माझ्या केसपेपरवर मात्र आता एक प्रश्न वाढला आहे. 'कोंबड्या आहेत का?' याच्या पुढे मी विचारतो, 'सध्या अंडी किती मिळतात?' उत्तर 'एकही नाही' असे आले तर सल्ला बदलावा लागतो.