खापर कोणाच्या माथी?

व्यापारात तूट दिसली, की तिचे कारण शोधण्याआधी माणूस शोधला जातो. रोजमेळ जुळला नाही, की मुनिमाकडे बोट दाखवायचे. गोदामात माल कमी भरला, की हमालाकडे. माणूस सापडला की मालकाचे मन शांत होते, तूट मात्र जागच्या जागी राहते. आता खतावणी संगणकात गेली आणि घरोघरची मुले-मुली पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत नोकरीस लागली. तरी ही जुनी सवय सुटलेली नाही. अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीत २०१७ साली जे घडले, ते म्हणूनच मालकांनी आणि नोकरदारांनी सारखेच समजून घ्यावे.

या कंपनीचा जन्म किराणा दुकानाच्या उधारीतून झाला. चट्टानूगा येथील किराणा व्यापारी केटर वूलफर्ड यांनी कोणते गिऱ्हाईक उधारी फेडते, याची यादी केली. ती इतर दुकानदारांनाही उपयोगी पडली, आणि १८९९ मध्ये त्यांनी भावासह अटलांटा येथे हाच व्यवसाय थाटला. भारतातही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने कर्जदाराची पत सांगणाऱ्या चार संस्थांपैकी ती एक आहे.

मार्च २०१७ मध्ये 'अपाची स्ट्रट्स' या संगणक प्रणालीत गंभीर दोष असल्याचे जाहीर झाले. अमेरिकी सरकारने इशारा दिला. ९ मार्चला कंपनीच्या सुरक्षा विभागाने चारशेहून अधिक जणांना ई-मेल पाठवून ४८ तासांत दुरुस्ती करण्यास कळवले. ग्राहकांच्या तक्रारी स्वीकारणाऱ्या प्रणालीत मात्र ती दुरुस्ती झाली नाही. १३ मे रोजी चोरटे आत शिरले आणि ७६ दिवस वावरत राहिले. सुमारे १४ कोटी ८० लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक त्यांच्या हाती लागले.

७ सप्टेंबरला ही बातमी फुटली तेव्हा देशभर संताप उसळला. मुख्य कार्यकारी अधिकारी रिचर्ड स्मिथ पायउतार झाले. ३ ऑक्टोबरला त्यांनी अमेरिकी संसदेपुढे साक्ष दिली, तीत दुरुस्तीचा निरोप पुढे न पोचवणाऱ्या एका व्यक्तीच्या चुकीवर भर होता. त्याच्या आदल्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, ग्रेम पेन या माहिती-तंत्रज्ञान विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याला कामावरून काढण्यात आले होते. कारण एवढेच, की त्यांनी तो ई-मेल पुढे पाठवला नाही.

संसदीय समितीचा अहवाल डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ई-मेल मिळालेल्या चारशेहून अधिक जणांपैकी पेन हे एक होते, आणि तो पुढे पाठवण्याची सूचना त्यांना कोणीही दिलेली नव्हती. ज्यांनी प्रत्यक्ष दुरुस्ती करायची, त्यांची नावे पाठवणीच्या जुन्या यादीत नव्हतीच. तपासणीच्या साधनालाही दोष असलेली प्रणाली सापडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे डिजिटल प्रमाणपत्र १९ महिने मुदत संपून पडले होते, त्यामुळे ती यंत्रणा आंधळी झाली होती. २९ जुलैला ते नवे केले आणि चोरी लगेच दिसली. अशी मुदत संपलेली प्रमाणपत्रे तीनशेहून अधिक होती. दुरुस्त्या रखडत असल्याचे कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत २०१५ मध्येच आढळले होते. संसदेतील साक्षीच्या आदल्या दिवशी पेन यांना काढणे ही लोकांना दाखवण्यासाठी केलेली, अनावश्यक कृती होती, असाच त्या अहवालाचा सूर आहे.

म्हणजे वखारीला कुलूप नव्हते, पहारेकरी आंधळा होता, किल्ल्यांची यादी जुनी होती. आणि दंड झाला तो निरोप्याला. एका माणसाला काढल्याने यांपैकी एकही गोष्ट सुधारत नाही. उलट मागे राहिलेले कर्मचारी एक धडा घेतात, तो म्हणजे दोष दिसला तरी गप्प बसावे. कंपनीला याहून महाग पडणारी शिकवण दुसरी नाही.

बँकेत एक जुना नियम आहे. नोंद करणारा आणि ती तपासणारा कधी एकच नसतो. माणूस चुकणारच, हे धरून हा नियम केलेला आहे. एकाच्या विसरण्याने संपूर्ण कारभार कोसळत असेल, तर दोष विसरणाऱ्यापेक्षा रचनेचा अधिक असतो. म्हणून पेढीवर किंवा कारखान्यात संगणक बिघडला, माहिती गेली, हिशेब चुकला, तर मालकाने प्रथम विचारावे: हे काम नेमके कोणावर सोपवले होते, ते लेखी होते काय, त्याची तपासणी कोण करत होते, आणि यापूर्वी कोणी इशारा दिला होता काय? ही उत्तरे मिळाल्यावर कित्येकदा बोट मालकाकडेच वळते.

नोकरी करणाऱ्या मुला-मुलींनीही काही पथ्ये पाळावीत. अनेकांना एकत्र आलेली सूचना वाचून सोडून देऊ नये. हे काम कोणाचे, असे लगेच लेखी विचारावे. जुन्या प्रणालीचा धोका तोंडी सांगितला असेल, तर त्याच दिवशी ई-मेलने नोंदवावा. आपल्या कामाची तारीखवार टिपणे ठेवावीत. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रे घरी आणू नयेत, तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. आरोप झाला, तर दडपणाखाली कबुलीपत्रावर सही न करता विचारासाठी वेळ मागावा. आणि घरच्यांनी, 'तुझेच काहीतरी चुकले असेल', हे वाक्य आधी उच्चारू नये.

इक्विफॅक्सला २०१९ मध्ये तडजोडीपोटी किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलर मान्य करावे लागले. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड नोकराच्या नव्हे, संस्थेच्या खाती पडतो. दोष नोकराच्या नावे लिहिण्याआधी मालकाने हे नीट ध्यानात ठेवावे.